इतिहासाची पुरवणी

हे लिहायचंच नव्हतं. तीनदा मोबाइलवर टाइप केलं, तीनदा पुसलं. पण वकारच्या पेपरची गोष्ट गावात भलतीच फिरून राह्यली, म्हणून वकारनं मला सांगितली तशी सांगून टाकतो.

बारावीचा इतिहासाचा पेपर होता. अमडापूरच्या कॉलेजात वकारला वेगळी खोली दिलेली. खोलीत तीनच माणसं. दारापाशी खुर्ची टाकून दयाराम सर. बाकावर वकार, आणि त्याला लागून त्याचा लेखनिक, ऋत्विक. वकारनं उत्तर बोलायचं, ऋत्विकनं लिहायचं. नियम एकच, पण कडक. लेखनिकानं पदरचा एक शब्द घालायचा नाही. घातला, की पेपर रद्द.

वकारला अक्षरं धरता येत नव्हती. एकदा ऐकलेलं वर्षभर डोक्यात राहायचं, पण कागदावरची ओळ पाहिली की ती मुंग्यांसारखी पांगायची. शाळेत हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे त्याला 'ढ' म्हणत राहिले. मागच्या वर्षी बारावीत उडाला, तेव्हा त्यानंही ते मान्य करून टाकलं. चार महिने घराबाहेर नाही, धड जेवण नाही, कोणाशी बोलणं नाही.

शेवटी त्याची अम्मी, गुलनार, त्याला बुलढाण्याला घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "याला लर्निंग डिसॅबिलिटी आहे. ते कोणी ओळखलं नाही, आणि ढ ढ ऐकून पोरगं आतून खचलं." गोळ्या सुरू झाल्या. सर्टिफिकेट आलं. लेखनिक मिळाला.

तेव्हापासून सगळ्यांचा डोळा वकारवर. अम्मीनं त्याच्या खोलीची आतली कडी काढून टाकली. रस्त्यात भेटले तरी सर विचारायचे, "गोळ्या घेतो ना रे?"

ऋत्विकची कोणालाच काळजी नव्हती. तो अकरावी सायन्सला, कॉलेजात पहिला. त्याला डॉक्टर करायचं हे त्याच्या घरी तो तिसरीत असतानाच ठरलेलं. पेपरच्या दिवशी सकाळी अम्मीनं दोघांपुढं शिरा ठेवला, तर ऋत्विकनं तो नुसता चमच्यानं इकडचा तिकडं केला.

"खाय ना बेटा."

"पोट भरलं, चाची."

"माह्या पोराकडं ध्यान ठेवजो. लय घाबरते तो."

"हाव," ऋत्विक म्हणाला.

रस्त्यानं तो वकारला म्हणाला, "पेपर झाला की माही सायकल तूच घेऊन जाय."

"अन् तू काय उडत जाशीन बे?"

ऋत्विक हसला.

पेपर चांगला चालला होता. वकार डोळे मिटून बोलायचा, शेजारी पेन चालायचं. दोन तास झाले, पुरवणी घेतली. शीतयुद्धाच्या प्रश्नाला वकार अडला. चार वाक्यं बोलला आणि थांबला.

पेन थांबलं नाही.

वकारनं डोळे उघडले. ऋत्विक खाली मान घालून लिहीतच होता. पान भरत आलं होतं.

"काय लिहून राह्यला बे?"

"तू बोलला तेच."

"वाच."

ऋत्विकनं वाचून दाखवलं. वकारची चार वाक्यं, जशीच्या तशी. वकार पानाकडं पाहत राहिला. वाचता येत नव्हतं, पण चार वाक्यांना किती जागा लागते ते त्याला कळत होतं.

"बाकीचं काय हाये मंग?"

"काही नाही. तू पुढचा प्रश्न बोल."

वकारची कानशिलं तापली. म्हणजे हाही तसलाच. बिचाऱ्याला जमत नाही, म्हणून आपल्या मनची उत्तरं घालून राह्यला.

"माह्यावर दया नको करू बे," तो हळूच म्हणाला. "नापास झालो तं माह्या अकलेनं होईन. खोड ते."

"तसं नाही हाये."

"खोड, नाही तं सरले सांगतो."

ऋत्विकनं पान हाताखाली दाबून धरलं. सांगितलं तर पेपर जाणार. वर्ष जाणार. पुन्हा ती खोली. पण उसन्या उत्तरांवर पास होऊन जन्मभर मनात स्वतःला ढ म्हणत राहायचं, ते त्याहून वाईट.

त्यानं हात वर केला. ऋत्विकनं त्याचं मनगट धरलं. "वकार, नको. तुह्या पाया पडतो."

"सर," वकार म्हणाला, "हे पान वाचून दाखवा. हे मी नाही बोललो."

सर उठून आले. हाताखालून पान ओढलं, चष्मा वर सारला आणि वकारच्या चार वाक्यांखालचं मोठ्यानं वाचायला लागले, "आई, बाबा, माझ्या जाण्यात तुमची काही चूक नाही. मला डॉक्टर होणं जमणार नाही, आणि दुसरं काही मी कधी..." पुढं त्यांना वाचवेना. पान तसंच हातात धरून ते बाकावर ऋत्विकला खेटून बसले. वकारनं आपलं मनगट सोडवून घेतलं नाही, उलट दुसऱ्या हातानं ऋत्विकचा हात आवळून धरला. "पेपर गेला तं जाऊ दे बे," तो म्हणाला, "तू मले खोटं काऊन वाचून दाखवलं?" ऋत्विक रडायला लागला. मग म्हणाला, "तू थांबला, अन् माह्या मनातलंच हातून उतरत गेलं. आता जे लिहीन ते पह्यले तुले वाचून दाखवीन. सगळंच्या सगळं."