आतला रस्ता

डंपर इतक्या जवळून गेला की अक्षदाला सायकल डांबरावरून खाली मातीत उतरवावी लागली. मागून हळूहळू येणारी नवऱ्याची गाडी थांबली. सुदर्शनने खाली उतरून पाण्याची बाटली पुढे केली.

"हाही रस्ता नाही चालायचा," ती म्हणाली.

"मी तुला घोडेगावलाच म्हणालो होतो," तो म्हणाला. आवाजात चीड नव्हती. त्याने रुमालाने तिच्या सायकलवरची धूळ पुसली.

पुण्याहून नाशिकला सायकलने सुखरूप जाता येईल असा रस्ता ती दोन वर्षं शोधत होती. दोन्ही शहरांजवळचे तुकडे जुळले होते. अडत होतं ते मधल्या आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत.

त्यांचा एकुलता एक मुलगा, शौर्य, पुण्याला शिकायचा आणि सुट्टीत नाशिकला घरी सायकलने यायचा. नारायणगाव सोडल्यावर हायवेवर एका ट्रकने त्याला मागून उडवलं. ट्रक सापडला नाही.

सायकल अक्षदाने घेऊन दिली होती. सुदर्शनचा विरोध होता. तेराव्याला सासूबाई सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "हिनंच हौसेनं घेऊन दिली." सुदर्शन शेजारीच बसला होता. पाहुणे गेल्यावर तो एवढंच म्हणाला, "मी नको म्हणत होतो, अक्षदा." त्यानंतर त्याने तो विषय पुन्हा काढला नाही. तिला तो त्याचा मोठेपणा वाटला.

चाळिशी उलटल्यावर ती सायकल शिकली. सायकल क्लबात, ग्रामपंचायतींत, जिथे जाईल तिथे ती एकच सांगायची: माझ्या मुलाला आतला रस्ता माहीत असता तर तो आज असता. पुढच्या दांडीवर तिने शौर्यचा हसरा फोटो चिकटवला होता. रस्ता सापडला की त्याला त्याचंच नाव द्यायचं होतं.

आणि दर रविवारी सुदर्शन दिवे लुकलुकत ठेवून तिच्यामागे गाडी हाकायचा. क्लबातल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा.

मंचरला चहा घेताना ती म्हणाली, "पश्चिमेकडचं सगळं बघून झालं. आता पूर्वेचा राहिला. पारगाव, खोडद, मग बेल्हा."

"तो नको."

"का?"

"दोन्ही बाजूंना ऊस आहे. बिबटे फिरतात."

"बिबटे काय घोडेगावला नव्हते?"

सुदर्शनने बशीतला चहा संपवला. "रस्ताही खराब आहे. मी चौकशी केलीय."

"मग एकदा बघून तरी येऊ. नंतर तू म्हणशील तसं."

पुढच्या रविवारी निघताना त्याने पाठ दुखत असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, मी एकटी जाते. तेव्हा तो मुकाट्याने गाडीत बसला.

रस्ता चांगला होता. अरुंद, पण गुळगुळीत. एक दूधवाला गेला, दोन ट्रॅक्टर गेले, तेही बाजू देऊन. ऊस होता, पण वस्त्याही होत्या. अंगणात माणसं होती, कुत्री होती. खोडद जवळ आलं तशा कांद्याच्या शेतांपलीकडे रेडिओ दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या दिसू लागल्या. अक्षदा नकळत गुणगुणायला लागली. लक्षात आलं तशी गप्प झाली.

वळणावरच्या घरापुढे एक म्हातारी कांदा निवडत बसली होती. "दमला असाल, बसा घडीभर," ती म्हणाली. "पानी घ्या."

अक्षदाने सायकल भिंतीला टेकवली. म्हातारीने आतून तांब्या आणला आणि देता देता थबकली. तिची नजर दांडीवरच्या फोटोवर होती.

"ह्यो तर आपला सायकलवाला."

"कोण?"

"ह्योच की. शौर्य. मला कुशाआजी म्हनायचा. तुमी कोन त्याच्या?"

"आई." अक्षदाने तिच्या हातातला तांब्या घेतला. "तो इथे आला होता?"

"आवं, दर सुट्टीला जायचा ह्या रस्त्यानं. हायवेला लई भ्यायचा पोरगा. म्हनायचा, घरी अजून सांगितलं न्हाई, आईला सायकल शिकिवतो आन् तिलाच घिऊन येतो." म्हातारी हसली. "खरंच शिकिवलं की त्यानं तुमाला. आता का येत न्हाई? नोकरीला लागला व्हय?"

मागे गाडीचं दार वाजलं. सुदर्शन फाटकापाशी आला, आत आला नाही. "अक्षदा, ऊन वाढतंय. निघू या."

"थांब जरा," ती वळूनही न बघता म्हणाली. तांब्या दोन्ही हातांत घट्ट धरून ती म्हातारीजवळ खाली बसली. "आजी, शेवटी आला तेव्हा तो बेल्ह्याकडे नाही गेला. हायवेला गेला. का गेला?"

"अक्षदा," सुदर्शन म्हणाला.

"हां, त्या दिशी." म्हातारीने हातातला कांदा टोपलीत टाकला. "हितंच बसून च्या पीत व्हता. तेवढ्यात फोन आला. पलीकडला मानूस असा वरडत व्हता, मला आत चुलीपाशी ऐकू आलं. पावनं येऊन बसल्यात म्हनं, आन् तू आडरानात काय भटकतोय. पोराचं तोंड येवढंसं झालं. च्या तसाच ठिवला, सायकल नारायणगावकडं फिरिवली. म्या म्हनलं, आरं, पिऊन तरी जा. तर म्हनला, न्हाई आजी, पप्पा म्हनत्यात, आत्ताच्या आत्ता हायवेला लाग, न्हाईतर घरी येऊ नको."