लाल दोरा

बांधापलीकडे ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर घरघरला आणि वासंती हातातलं काम टाकून उठली. दसऱ्याची तोड झाली होती, झेंडूचं रान मोडायचंच होतं, पण उद्या. आज तिला त्यातलं एक झाड मुळासकट काढून घ्यायचं होतं.

ती धावत सुटली. ते झाड दिसायला चारचौघांसारखंच, पण त्याचं फूल तोडल्यावरही आठवडाभर टवटवीत राहायचं. असं बियाणं मिळवायला तिने कित्येक हंगाम निवडक झाडं राखली होती, बाकीची उपटून फेकली होती. खूण म्हणून याच्या बुंध्याला तिने लाल दोरा बांधला होता.

ट्रॅक्टर बांधावरच थांबला होता. ड्रायव्हर म्हणाला, "नवसाच्या झाडांवरून कसा फिरवू, ताई? दोरे तुम्हीच सोडा."

तिने रानात पाहिलं. सरीसरीला लाल दोरे! फुलं तोडणाऱ्या बायकांना तिचा दोरा नवसाचा वाटला होता, आणि त्यांनीही आपापले बांधले होते.

"तुमचं बघूनच मीबी बांधला," त्यांतली हौसाबाई ओशाळून म्हणाली. "नातू दवाखान्यात काचेच्या पेटीत हाय. अजून रडला न्हाई."

वासंतीने जवळच्या झाडाची गाठ धरली. आपलीच असेल, नसेलही. नको ते झाड बेधडक उपटणारा तिचा हात गाठीवरच थांबला. आपलं झाड हरवल्याची भीती कुठल्या कुठे गेली होती.

ही गाठ हौसाबाईची असली तर?