फेट्याआडचा चेहरा

"हाही चालणार नाही, ताई," चिपमध्ये फोटो भरणारे मुजावर म्हणाले. "रुंदी तीनशे पिक्सेल, साइज जेमतेम चाळीस केबी. एवढ्यावर अप्पांना तुमचा चेहरा ओळखू येणार नाही."

मेंदूतल्या रक्तस्रावानंतर विभावरीचे वडील, अप्पा, कुणालाच ओळखत नव्हते. आता डोक्यात चेहरे ओळखून देणारी चिप बसणार होती. तिच्यात चेहरे एकदाच भरता येत, तेही आजारापूर्वीच्या फोटोंवरून. शिरीषदादाचे फोटो लगेच पास झाले होते. घरात कॅमेरा नेहमी विभावरीच्या हातात, त्यामुळे तिचे फोटो मोजकेच, आणि तेही फॅमिली ग्रुपवर फिरून बारीक झालेले.

"मोठा करून घ्या ना."

"ताणला की फाइल फुगते, चेहरा स्पष्ट होत नाही."

आत भूल द्यायची तयारी सुरू झाली होती. विभावरीनं घाईघाईनं दादाच्या लग्नातला फोटोग्राफरनं दिलेला मूळ फोटो उघडला. नवरदेवामागे करवली म्हणून ती दिवा घेऊन उभी होती. मुजावरांनी तिच्या चेहऱ्याभोवती चौकट ओढली.

"साइज बसते. पण तुमची डावी बाजू नवरदेवाच्या फेट्याआड गेलीय. अर्धाच चेहरा भरला जाईल."

"भरा," ती म्हणाली.

संध्याकाळी अप्पांनी डोळे उघडले. ती अगदी समोर उभी होती.

"सिस्टर, पाणी द्या."

विभावरीनं ग्लास पुढे केला. मग उजवा गाल त्यांच्याकडे करून ती खिडकीबाहेर बघत राहिली.

"विभा? कधी आलीस गं?"

"मघाशीच," ती म्हणाली, पण तिनं मान वळवली नाही.