अंतऱ्याआधीचा खोकला

चपला हातात घेऊन मी बुवांच्या जिन्यात थांबले. निघते म्हणून सांगून झालं होतं. पण आज चोरी पकडायचीच होती.

गणपतीपासून बुवा मला एकच बंदिश शिकवत होते. पहिला भाग, म्हणजे स्थायी, त्यांनी माझ्याकडून अगदी घोटून घेतला. दुसऱ्या भागाची, अंतऱ्याची वेळ आली की मात्र त्यांना हटकून खोकला यायचा. “आज इथंच थांबू,” म्हणायचे आणि काकूंना चहा सांगायचे. माझ्यामागून बँकेतून सुटलेला त्यांचा सख्खा पुतण्या शिकायला यायचा. त्याच्या वेळी बरा नाही येत खोकला! घरचं घरातच ठेवायचं, एवढं मलाही कळतं.

आतून स्थायी ऐकू आली आणि मागोमाग चक्क अंतरा. माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात तो अंतरा मध्येच तुटला.

“काका, काल चाल वेगळी होती,” पुतण्या म्हणाला.

“रोजच वेगळी होते. गुरुजींनी मला स्थायीच दिली रे. अंतरा त्यांनी स्वतःच्या मुलासाठी राखून ठेवला. मी आपला जुळवून बघतो, पण बसत नाही.”

“मग ताईंना तसं सांगा की.”

“काय सांगू? मला अर्धीच बंदिश येते म्हणून? उद्यापासून शिकायला येईल का ती?”

मी अनवाणीच पायऱ्या उतरले.

दुसऱ्या दिवशी स्थायी संपली. बुवांचा हात छातीकडे जायच्या आत मीच जोरात खोकले.

“आज इथंच थांबू, बुवा,” म्हटलं. “चहा मी टाकते.”