शपथेवरचा आचारी

लष्करी न्यायालयात साक्षीला आलेली म्हातारी फक्त डोंगरातली बोली बोलायची. छावणीभर शोधल्यावर दुभाष्या म्हणून मेसचा आचारी सापडला. "तिचा शब्दन् शब्द खरा सांगेन," अशी शपथ त्याने छाती काढून घेतली. समोर अध्यक्षाच्या खुर्चीत होते त्याच्या जेवणाला रोज नावं ठेवणारे कर्नलसाहेब.

म्हातारी काहीतरी पुटपुटली. आचाऱ्याला आयती संधीच मिळाली.

"माफ करा साहेब, पण मी शपथेवर आहे. ती म्हणते, मधल्या खुर्चीतल्या ढेरपोट्याने आधी स्वतःच्या जिभेला आवर घालावा."

बाकीचे अधिकारी माना खाली घालून हसू दाबू लागले.



साहेबांनी शांतपणे पाण्याचा पेला म्हातारीपुढे सरकवला आणि अस्सल तिच्याच बोलीत म्हणाले, "घे मावशी, पाणीच मागितलंस ना? माझं आजोळ तुमच्याच डोंगरातलं."