खाटेकडचा वारा

अकोल्यातल्या आमच्या घरात एकच कूलर होता. मे महिन्यात कॉम्प्युटरच्या रॅमचा वेग वाढवून, ती टिकते का ते बघायला मी टेस्ट लावली आणि रॅम तापू नये म्हणून कूलर तिकडे वळवला.

खाटेवरून आजारी बाबा म्हणाले, "माय, ताप मले आला का तुह्या मशीनले? कूलर इकडे कर न."

"दहाच मिनिटं, बाबा."

टेस्ट चार तास चालली. बाबा उष्माघातानं गेले. लाइट गेली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

बाबांच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाल्यावर कूलर बंद ठेवून मी तीच टेस्ट पुन्हा लावली. जळू दे ती रॅम, असं वाटत होतं. पण स्क्रीनवर तिचं तापमान उतरतच गेलं. पाठीमागच्या रिकाम्या खाटेकडून वर्तमानपत्रानं वारा घातल्यासारखा आवाज येत होता. मला घाम फुटला होता. वारा फक्त कॉम्प्युटरला लागत होता.

मध्येच आवाज थांबला. दमलेला हात बदलावा, तेवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाला.