गेटचा अकरावा अर्थ

"गेट म्हणजे मिळणं, हे गेल्या रविवारी झालं," रोह्याजवळच्या अष्टमीतल्या इंग्रजी क्लासात मितेश सर म्हणाले. "आज गेट म्हणजे होणं, पोचणं, समजणं. शिवाय ताप येणं. मागचे धरून अकरा झाले."

हरेशने वही मिटली. पेणहून यायचा हा चौथा रविवार, आणि अजून एकच क्रियापद चाललं होतं.

"सर, एकच शब्द इतकी कामं करतो? आमच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून काढणारा वेगळा, रंगवाला वेगळा. मी अठरा वर्षं नुसते गणपतीचे डोळे आखतोय."

"शब्द मूळचा इंग्रजांचा नाही. युरोपच्या उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडात नेला. लुटारू होते."

"तरीच. दिसंल त्यावर हात मारतोय."

लंडनच्या एका मंडळाला तीन महिन्यांसाठी कारागीर हवा होता. इंग्रजी येणं ही अट. हरेशने डोळे आखलेल्या मूर्ती दरसाल विमानाने जात. तो स्वतः क्लासपायी जेमतेम रोह्यापर्यंत पोचला होता. आपले गणपती तिकडे कुठे बसतात, हे त्याला एकदा बघायचं होतं.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर मुलाखत झाली. डोळे आखता आखता उत्तरं द्यायची, असं मंडळाने आधीच कळवलं होतं. बायकोने, दिपिकाने, मोबाइल धरला. हरेशने ब्रश टेकवला आणि अठरा वर्षांची सवय आडवी आली. डोळा आखताना कारखान्यात कुणी बोलत नाही. श्वाससुद्धा बेताने घेतात. तिकडच्या बाईंनी नऊ प्रश्न विचारले. हरेशने हूं की चूं केलं नाही. दोन्ही डोळे झाले तेव्हा वेळ संपली होती.

"अवो, एक शब्द तरी बोलायचा," दिपिका म्हणाली. "चार रविवार एसटीत घातले ना?"

"बोललो असतो तर गणपती तिरळा झाला असता. मग तूच बोलली असतीस."

पुढच्या रविवारी तो क्लासला गेला नाही. सरांचा फोनही घेतला नाही. मग मंडळाचं पत्र आलं. दिपिकाने ते मोबाइलवर मराठीत करून घेतलं.

"निवड झालीय तुमची," ती म्हणाली. "बाकीचे फाडफाड बोलले, पण सगळ्यांचे गणपती तिरळे निघाले."

हरेश खुर्चीत बसला. महिन्याभरात पहिल्यांदाच हसला.

"थांबा, अजून हाय," दिपिका पुढे वाचू लागली. "तुमची एकाग्रता त्यांना फार आवडली. म्हणून रोज संध्याकाळी तासभर तुमचं भाषण ठेवलंय. विषय, मौनाचं महत्त्व. इंग्रजीतून."